पस्तिशीत एमबीए करायचं का? फॉर्म भरण्याआधीची कामं, कुठल्या क्रमाने

"दादा, एक्झिक्युटिव्ह एमबीएला कुठलं कॉलेज चांगलं?" हा मेसेज मला आठवड्यातनं एकदा तरी येतो. मी उलट विचारतो की का करायचंय, तर बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसतं आणि मग उत्तर येतं, "ग्रोथ नाहीये ना". बस, एवढंच. आणि याच एका वाक्याच्या जोरावर माणूस पुढच्या महिन्यात सीट ब्लॉक करायला पन्नास हजार भरून मोकळा होतो.

मी स्वतः पुण्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, आधी प्रॉडक्शनला होतो, आता सप्लाय चेन बघतो. बत्तिसाव्या वर्षी एका नामांकित संस्थेचा वर्षभराचा ऑनलाइन कोर्स केला, चांगले पैसे भरले, आणि प्रमोशनच्या वेळी एचआरने सांगितलं की आमच्या ग्रेडच्या नियमात हे एमबीए म्हणून धरत नाहीत, हे सर्टिफिकेट आहे. मग चौतिसाव्या वर्षी परत तीन वर्षांचं पार्टटाइम. म्हणजे एकाच कामाला दोनदा पैसे आणि चार वर्षं. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं अर्धं मी उलट्या क्रमाने करून शिकलोय.

लोकांचा क्रम असा असतो: कॉलेज, परीक्षा, फी, घरच्यांना सांगणं, आणि सगळ्यात शेवटी आपल्याला हे कशाला हवं होतं. तो पूर्ण उलटा करायचा. सगळं नीट करायला काही महिने लागतात, घाई करू नका, कॉलेजं कुठे पळून जात नाहीत.

० . तयारी: एक वही आणि एक फोल्डर

वही खरीच घ्या, फोनमधल्या नोट्स नकोत, कारण ही वही नंतर नवऱ्याला किंवा बायकोला दाखवायची आहे.

फोल्डरमध्ये हे जमा करा: ग्रॅज्युएशनच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट (एटीकेटीच्या सुद्धा), डिग्री सर्टिफिकेट, मागच्या तीन वर्षांचे फॉर्म १६, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, चालू कर्जांचे हप्ते किती आणि कधी संपतात त्याची यादी, आणि जुन्या कंपन्यांची रिलीव्हिंग लेटर.

तपासा: ग्रॅज्युएशनला टक्के किती आहेत? हसू नका, कित्येकांना हे नक्की माहीत नसतं, "फर्स्ट क्लास असेल बहुतेक" असं सांगतात. बऱ्याच ठिकाणी खुल्या वर्गाला ५० टक्के आणि आरक्षित वर्गाला ४५ टक्के लागतात, इग्नू या केंद्र सरकारच्या मुक्त विद्यापीठाच्या एमबीएलासुद्धा हीच अट आहे. ४८ टक्के असतील तर ते आज कळलेलं बरं.

१. डिग्रीचं नाव लिहू नका, पोस्टचं नाव लिहा

वहीच्या पहिल्या पानावर लिहा की पाच वर्षांनी तुम्हाला कुठल्या खुर्चीत बसायचंय. "मॅनेजमेंटमध्ये जायचंय" हे उत्तर चालणार नाही. "प्लांट हेड", "फायनान्समध्ये बिझनेस पार्टनर", "प्रॉडक्ट मॅनेजर", "वडिलांचा व्यवसाय हातात घ्यायचाय", असं काहीतरी धरता येण्यासारखं हवं.

मग नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर त्या पोस्टच्या पंधरा-वीस जाहिराती शोधा, तुमच्याच शहरातल्या आणि तुमच्याच क्षेत्रातल्या, आणि वहीत तीन रकाने करा: एमबीए हवंच, असल्यास बरं, उल्लेखच नाही. प्रत्येक जाहिरातीला एक रेघ. हे करताना लोक हमखास कंटाळतात आणि पाचव्या जाहिरातीला थांबतात, थांबू नका.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. ज्या दहा माणसांकडे आज ती पोस्ट आहे त्यांचे प्रोफाइल बघा, तुमच्या कंपनीतले तीन-चार धरा आणि बाकी बाहेरचे. त्यांनी एमबीए केलंय का, केलं असेल तर कितव्या वर्षी, पूर्णवेळ की नोकरी सांभाळून, आणि डिग्रीनंतर किती दिवसांनी पद बदललं. आमच्या लाईनमध्ये मी हे केलं तेव्हा दिसलं की बऱ्याच प्लांट हेडनी एमबीए केलेलंच नव्हतं, पण सप्लाय चेन आणि कमर्शियल साईडला जवळपास सगळ्यांकडे होतं. एकच कंपनी, एकच गेट, पण दोन खात्यांची गोष्ट वेगळी.

तिसरं, एचआरमधल्या ओळखीच्या माणसाला चहाला न्या आणि विचारा की अमुक ग्रेडच्या वर जायला पॉलिसीत काय लिहिलंय, आणि "एमबीए" म्हणजे त्यांच्या लेखी काय काय चालतं: पूर्णवेळ, पार्टटाइम, डिस्टन्स, पीजीडीएम (म्हणजे मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा)? जमलं तर ओळ डोळ्यांनी बघा. मी हा एक चहा पाजला असता तर माझे पहिले पैसे वाचले असते.

इथे चूक होते: साहेबावरचा राग. अप्रेझल वाईट झालं की एप्रिल-मे मध्ये एमबीएची चौकशी वाढते, हे मी दरवर्षी बघतो. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारा: उद्या दुसऱ्या कंपनीने हेच काम २५ टक्के जास्त पगाराने दिलं तर मी एमबीए करीन का? उत्तर "कशाला करू" असं आलं तर तुम्हाला नोकरी बदलायची आहे. सीव्ही नीट करा, हा लेख बंद करा.

२. अडलंय कशामुळे ते बघा

पोस्ट ठरली की ती मिळत का नाहीये याचं कारण शोधायचं. साधारण चारच कारणं असतात. एक, कागदाची अट. दोन, एखादं कौशल्य कमी पडतंय, बॅलन्स शीट वाचता येत नाही, प्रेझेंटेशनला घाम फुटतो, इंग्रजी अडखळतं. तीन, अनुभव एकाच खात्याचा आहे. चार, ओळखी नाहीत, म्हणजे जागा निघाली हे आपल्याला कळतं तोवर ती भरलेली असते.

पहिल्या कारणाला डिग्री लागतेच, पर्याय नाही. चौथ्याला चांगल्या संस्थेची पूर्णवेळ डिग्री उपयोगी पडते, घरबसल्या ऑनलाइनची फारशी नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याला मात्र डिग्री हा सगळ्यात महागडा उपाय आहे. खातं बदलून मागा, एखादा नवीन प्लांटचा किंवा ईआरपीचा (सगळ्या खात्यांचं काम जोडणारं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट अंगावर घ्या, फायनान्समध्ये घुसायचं असेल तर सीएमए (कॉस्ट अकाउंटिंगची परीक्षा) बघा, प्रोजेक्टवाल्यांनी पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) बघा. आमच्याकडे एक मुलगा दोन वर्षं कॉस्टिंगला बदली मागून गेला आणि आज तो माझ्या बरोबरीने बसतो, विनाएमबीए. मला थोडं टोचतं ते, पण खरंय.

३. आठ आठवड्यांची फुकट चाचणी

हा टप्पा सगळे गाळतात. ऑफिसातनं साडेआठला घरी आल्यावर, जेवून, पोरांचा अभ्यास घेऊन, दहा वाजता पुस्तक उघडून आपण खरंच बसू शकतो का, हे फी भरायच्या आधी बघायचं.

स्वयम आणि एनपीटेल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साईटवर मॅनेजमेंट, अकाउंटिंग, ऑपरेशन्सचे आठ आणि बारा आठवड्यांचे कोर्स आहेत, आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला बसायचं असेल तरच फी. फायनान्शियल अकाउंटिंगचा घ्या, कारण बहुतेक इंजिनिअर मंडळी तिथेच आपटतात. दर आठवड्याला असाइनमेंट असते, वेळेत जमा करा.

सोबत एक गृहपाठ. तुमची कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर तिचा, नाहीतर स्पर्धक कंपनीचा वार्षिक अहवाल डाउनलोड करा आणि तीन गोष्टी शोधा: मालाचा साठा किती दिवसांचा पडून असतो, उधारी किती दिवसांत वसूल होते, कर्ज किती. हे शोधताना मजा आली तर चांगलं लक्षण आहे, आणि झोप आली तर तेही वहीत लिहा.

तपासा: आठपैकी सहा असाइनमेंट वेळेत गेल्या का? चारच गेल्या असतील तर तीन वर्षांचं पार्टटाइम सध्या घेऊ नका. सहा महिन्यांनी परत एकदा प्रयत्न करा, कदाचित ऑफिसात पीक सीझन असेल.

४. घरात बसून बोला, वही उघडून

"घरच्यांचा सपोर्ट आहे" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. सपोर्ट म्हणजे कोण काय करणार ते लिहा.

नोकरी करून शिकताना आठवड्याला दहा-बारा तास लेक्चर, आठ-दहा तास वाचन आणि ग्रुप असाइनमेंट, वर जाण्यायेण्याचा वेळ. चाकणवरनं शनिवारी दुपारी शिवाजीनगरला पोचायचं म्हणजे काय ते चाकणवाल्यांना सांगायला नको. मी पहिल्या सेमिस्टरला प्रवासाचा हिशोबच धरला नव्हता आणि दर शनिवारी पहिलं लेक्चर अर्धं बुडायचं.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा, कालनिर्णय असेलच घरात, आणि पुढच्या तीन वर्षांत काय काय येतंय ते मांडा. पोराची दहावी-बारावी, आईवडिलांचं ठरलेलं ऑपरेशन, फ्लॅटचा ताबा, बहिणीचं लग्न, दुसरं मूल. मग कामांची यादी: सकाळचा डबा, शाळेची रिक्षा, आजीची औषधं, लाईटबिल, सोसायटीची मीटिंग. प्रत्येकापुढे नाव.

ही यादी बायकांच्या बाबतीत जास्तच कडक करा. माझ्या बॅचला आठ-नऊ जणी होत्या, त्यातल्या दोघींनी दुसऱ्या सेमिस्टरला सोडलं आणि दोघींच्याही घरी "आमचा काही विरोध नाही, कर की" असंच म्हणाले होते. विरोध नव्हताच, फक्त रविवारी सकाळी पाहुणे आले की पोहे तिनेच करायचे. त्यामुळे सासूबाईंशी बोलणं नवऱ्याने करायचं, आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी करायचं.

सावध: घरच्या तीन मोठ्या गोष्टी एकाच वर्षात येत असतील तर एक वर्ष पुढे ढकला. पस्तीसचे छत्तीस झाल्याने काही बिघडत नाही, कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेलासुद्धा, वयाची अट नाही.

५. पैशाचा हिशोब, पूर्ण

लोक फक्त फी धरतात. पूर्णवेळ कोर्ससाठी फी हा निम्म्याहून थोडा जास्त खर्च असतो, बाकीचा खर्च दिसत नाही म्हणून धरला जात नाही.

एक उदाहरण घेऊ, आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे घाला. वय ३६, हातात येणारा पगार महिना ९०,०००. एका वर्षाचा पूर्णवेळ कोर्स, मोठ्या संस्थांची फी आता ३० लाखांच्या आसपास आणि त्याच्याही वर आहे, आपण ३० धरू. वर्षभर पगार नाही आणि नंतर मनासारखी नोकरी मिळायला तीन महिने धरा, म्हणजे १५ महिने गुणिले ९०,०००, झाले साडेतेरा लाख. फीपैकी २० लाख कर्ज १० टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ३३,२०० बसतो आणि एकूण व्याज ७ लाख ९० हजारांच्या घरात जातं. बेरीज झाली ५१ लाखांच्या पुढे.

आता दुसरी बाजू. कोर्सनंतर हातात दीड लाख येतील असं समजू. लोक लगेच दीड लाखातनं नव्वद हजार वजा करतात आणि महिना ६०,००० वाढले म्हणतात. पण तुम्ही जागेवरच राहिला असता तरी तुमचा पगार वाढलाच असता की, १० टक्के धरले तर ९९,०००. म्हणजे खरा फरक ५१,००० महिना, वर्षाला सहा लाखांच्या आसपास. ५१ लाख भरून यायला आठ वर्षांहून जास्त. म्हणजे वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत तुम्ही नुसते बरोबरीला येताय. हाच हिशोब २९ व्या वर्षी वेगळा दिसतो, आणि ज्याला पुढच्या पगारवाढींचा वेग खात्रीने वाढेल असं वाटतं त्याचाही वेगळा. मी कर म्हणत नाही, करू नको म्हणत नाही, फक्त आठ हा आकडा बघून मग सही करा.

पार्टटाइमला पगार चालू राहतो त्यामुळे हिशोब सोपा, पण पेट्रोल, शनिवार-रविवारचं बाहेरचं खाणं, ओव्हरटाइम किंवा साईट अलाउन्स बुडत असेल तर तो, हे सगळं धरा.

आता ज्या गोष्टी विसरल्या जातात त्या:

मेडिक्लेम. राजीनामा दिला की कंपनीचं ग्रुप मेडिक्लेम संपतं, आणि त्यात आईवडील असतील तर तेही उघडे पडतात. स्वतःची पॉलिसी आधीच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, तो जास्तीत जास्त ३ वर्षांचा असू शकतो. वडिलांना शुगर असेल तर हे सगळ्यात आधी.

ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत सलग ५ वर्षं लागतात. चार वर्षं तीन महिने झाले असतील तर तारीख बघून राजीनामा द्या.

पीएफ. काढू नका. सलग ५ वर्षांच्या नोकरीआधी काढला तर करही लागतो, आणि फीमध्ये पीएफ घालणं मला तरी अजिबात मान्य नाही.

कर. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची ८०ई ची वजावट स्वतःच्या शिक्षणालाही मिळते, रकमेला वरची मर्यादा नाही, जास्तीत जास्त ८ वर्षं, पण फक्त व्याजावर, आणि फक्त जुन्या करपद्धतीत. नवीन पद्धत घेतली असेल तर ही सवलत विसरा. मित्राकडनं, मेव्हण्याकडनं किंवा कंपनीकडनं उसने घेतले तरी मिळत नाही, बँकेचं किंवा मान्य वित्तसंस्थेचंच कर्ज लागतं.

तपासा: फी बाजूला काढल्यावर सहा महिन्यांचा घरखर्च अधिक सगळे हप्ते एवढी रक्कम बँकेत उरते का? उरत नसेल तर पूर्णवेळचा विषय यावर्षी बंद.

६. आता प्रकार ठरवा, कॉलेज अजून नाही

पूर्णवेळ, एका वर्षाचे: क्षेत्र किंवा कामच बदलायचं असेल तर हे. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला किमान ४ वर्षांचा अनुभव लागतो, आयआयएम बंगळूरच्या ईपीजीपीला किमान ५, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयचा जनरल मॅनेजमेंटचा कोर्स १५ महिन्यांचा आहे, त्यालाही ५. हैदराबाद-मोहालीचं आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) हेही याच जातीतलं, फक्त तिथे कमी अनुभवाची पोरं बरीच असतात.

दोन वर्षांचं रेग्युलर, कॅट किंवा राज्याच्या सीईटीतनं: नियमाने अडवत नाही कोणी, पण वर्गातली बहुतेक मुलं २२ ते २५ ची आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्याही त्यांच्यासाठीच येतात. बारा वर्षांचा अनुभव घेऊन तिथे बसलात तर पगाराच्या बोलणीत अडचण होते. तिशीनंतर मी तरी सुचवत नाही.

पार्टटाइम आणि वीकेंड: आहे त्याच क्षेत्रात वर सरकायचं आणि कागदाची अट आहे, त्यांच्यासाठी. मुंबईत नोकरदारांसाठी संध्याकाळच्या तीन वर्षांच्या मास्टर्सची जुनी पद्धत आहे, मार्केटिंगचं वेगळं, फायनान्सचं वेगळं, एचआरचं वेगळं. डिग्रीच्या नावात विषय असतो, एमबीए हा शब्द नसतो, म्हणून टप्पा १ मधला एचआरचा चहा आठवा.

डिस्टन्स आणि ऑनलाइन: इग्नू, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, आणि बऱ्याच खाजगी विद्यापीठांचे ऑनलाइन. बदलीची नोकरी, शिफ्ट, लहान गाव, किंवा फक्त कागद हवा, यांना हे बरोबर. इग्नूचं एमबीए कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ४ वर्षांत पूर्ण करता येतं, हे शिफ्टवाल्यांसाठी मोठंच सुख. वर्गातल्या ओळखी आणि प्लेसमेंट यांची अपेक्षा ठेवू नका.

सर्टिफिकेट: मोठ्या संस्थेचं नाव, मधे एखादी ऑनलाइन कंपनी, सहा महिने ते वर्ष. शिकायला चांगले असू शकतात, माझा होता. फक्त ती डिग्री नाही.

७. मान्यता तपासा, स्वतः, एजंटच्या शब्दावर नाही

हा अर्धा दिवसाचा उद्योग आहे, तरी यातच सगळ्यात जास्त लोक फसतात.

अ) ऑनलाइन किंवा डिस्टन्स असेल तर युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या (डीईबी) साईटवर जा. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. तुमचा कोर्स आणि तुमचं प्रवेशाचं सत्र, दोन्ही दिसायला हवं. मान्यता सत्रानुसार असते. आता प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याचा डीईबी आयडी मागतात, कोणी तो न मागताच प्रवेश देत असेल तर उठून या.

आ) युजीसीची बोगस विद्यापीठांची यादी एकदा नजरेखालून घाला. पीजीडीएम असेल तर एआयसीटीईची (तांत्रिक आणि मॅनेजमेंट शिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता बघा. काही नावाजलेल्या संस्था एआयसीटीईच्या मान्यतेशिवायही चालतात आणि खाजगी कंपन्यांत त्यांना मान असतो, पण सरकारी खात्यात प्रमोशनला कागद दाखवायचा असेल तर आधी आपल्या आस्थापना शाखेला लेखी विचारा.

इ) शेवटी हातात पडणाऱ्या कागदाचा नमुना मागा. त्यावर डिग्री लिहिलंय, डिप्लोमा लिहिलंय की सर्टिफिकेट? हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवरच्या काउन्सिलरचा "सेमच असतं सर" काही कामाचा नाही.

ई) फी पत्रकात जीएसटी बघा. कायद्याने मान्य असलेल्या पात्रतेच्या शिक्षणाला जीएसटी लागत नाही, एक्झिक्युटिव्ह सर्टिफिकेटवर १८ टक्के लागतो. म्हणजे फीवर १८ टक्के दिसले की लगेच विचारा की हा कागद नक्की काय आहे. कोर्स वाईट असेलच असं नाही, पण प्रश्न विचारायलाच हवा. माझ्या पहिल्या पावतीवर तो १८ टक्क्यांचा आकडा स्पष्ट छापलेला होता. मी तो फक्त महाग म्हणून बघितला.

सावध: "एका वर्षात दोन वर्षांची डिग्री", "मागच्या तारखेने ॲडमिशन करून देतो", "परीक्षेचं आम्ही बघतो" यातलं एक वाक्य जरी ऐकलं तरी विषय संपवा. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पकडले गेलात तर असलेली नोकरीही जाते.

उ) ऑनलाइन डिग्रीबद्दल: मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि डिस्टन्स डिग्री नेहमीच्या डिग्रीला समकक्ष धरायची असं युजीसीने २०२२ मध्ये सांगितलंय. तरी खाजगी कंपनी आपल्या पॉलिसीत "पूर्णवेळ" लिहू शकते, आणि लिहितात.

८. माणसांना भेटा

आता कुठे कॉलेजांची नावं काढा, तीन-चारच. प्रत्येक ठिकाणचे दोन-तीन माजी विद्यार्थी शोधा, कॉलेजने दिलेल्या यादीतले घेऊ नका, ते गोडच बोलणार. तुमच्या वयाचे, तुमच्या क्षेत्रातले, आणि पास होऊन दोन-तीन वर्षं झालेले बघा, कारण नुकतेच पास झालेले अजून हवेत असतात.

"कसं आहे कॉलेज" असं विचारलं की "मस्त आहे" येतं. त्याऐवजी विचारा: तुमच्या वर्गात दहा वर्षांहून जास्त अनुभवाचे किती होते आणि त्यांचं काय झालं? आत्ताची नोकरी कॅम्पसमधनं लागली की स्वतः शोधली? लेक्चर किती वेळा रद्द झाली? किती जणांनी मधेच सोडलं? परत केलं असतं का?

शेवटच्या प्रश्नावर माणूस किती वेळ गप्प राहतो ते बघा.

प्लेसमेंट रिपोर्टमध्ये सरासरी बघू नका, मधला पगार म्हणजे मिडियन बघा. एकाला परदेशात मोठं पॅकेज लागलं की सरासरी टुणकन वर जाते. आणि किती जणांनी प्लेसमेंटमधून माघार घेतली तोही आकडा शोधा, तो बहुतेक शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो.

९. परीक्षा आणि अर्ज

एक वर्षाच्या कोर्सना बहुतेक जीमॅट किंवा जीआरई, या आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षा. आताची जीमॅट २ तास १५ मिनिटांची आहे, ४५ मिनिटांचे तीन भाग, गुण २०५ ते ८०५ मध्ये, आणि स्कोअर ५ वर्षं चालतो. जुन्या ८०० च्या स्केलवरचे यूट्यूब सल्ले त्यामुळे जसेच्या तसे लावू नका. कॅट नोव्हेंबरात असते. नोकरी करत अभ्यासाला चार-पाच महिने धरा.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेला सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, आत्ताच मागवा. विद्यापीठातनं यायला आठवडे लागतात, दहा-पंधरा वर्षांपूर्वीची डिग्री असेल तर आणखी वेळ जातो, आणि लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर राजपत्राची किंवा प्रतिज्ञापत्राची प्रत जोडावी लागते.

शिफारसपत्र ही नाजूक गोष्ट. चालू साहेबाला सांगितलं तर अप्रेझलवर परिणाम होईल असं वाटत असेल तर जुना साहेब, जो आता दुसऱ्या कंपनीत आहे, तो उत्तम. मोठ्या हुद्द्याचा पण तुम्हाला न ओळखणारा माणूस घेऊ नका, ते पत्र वाचताक्षणी कळतं.

निबंधात टप्पा १ आणि २ मधलंच लिहायचं. वही भरली असेल तर हे दोन संध्याकाळींचं काम आहे.

१०. ऑफिस आणि राजीनामा: इथे क्रम अजिबात चुकवू नका

पार्टटाइम करणार असाल तर आधी ऑफिसची लेखी परवानगी, सरकारी नोकरीत असाल तर अर्ज करायच्या आधीच ना हरकत, आणि पूर्णवेळ असेल तर अभ्यास रजेचा नियम काय ते विचारून घ्या. शनिवारी दुपारी दोनला निघणार हे सुद्धा ईमेलवर असू द्या, साहेब बदलला की तोंडी शब्द गेला.

कंपनी फी देत असेल तर बाँड वाचा. किती वर्षं, मधे सोडलं तर पूर्ण रक्कम की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि कंपनीनेच काढलं तर काय. तिसरा मुद्दा बहुतेक बाँडमध्ये नसतो, तो मागणी करून लिहून घ्या.

पूर्णवेळ असेल तर क्रम असा:

१) प्रवेशाचं पत्र लेखी हातात
२) कर्ज मंजुरीचं पत्र हातात, "होऊन जाईल सर" नव्हे
३) स्वतःचा मेडिक्लेम चालू
४) ग्रॅच्युइटी आणि बोनसच्या तारखा बघून झाल्या
५) मग राजीनामा

नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर कोर्स सुरू व्हायच्या तारखेपासून मागे मोजा. मागे एकाने जानेवारीत राजीनामा दिला, कोर्स एप्रिलात, बरोबर बसलं असं त्याला वाटलं, पण त्यात राहिलेल्या सुट्ट्यांवरून वाद झाला आणि रिलीव्हिंग लेटर कोर्स सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी आलं. कॉलेजला ते पहिल्याच दिवशी हवं होतं.

फी भरताना रिफंडचा नियम छापील घ्या: कुठल्या तारखेपर्यंत सोडलं तर किती परत, आणि सीट ब्लॉक करायचे पैसे त्यात येतात की नाही. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा आणि तिच्या चार दिवस आधी वही परत एकदा उघडा, टप्पा ४ आणि टप्पा ५ ची पानं.